आधी रिकामी तार

भंगार निवडायच्या त्या शेडमध्ये पट्ट्याच्या अगदी टोकाला एक उंच स्टूल होतं, आणि त्या स्टुलावर गेली सतरा वर्षं एकच बाई बसत होती. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या. सुरुवातीच्या बाया चिखल, काच, चपला आणि कधीकधी मेलेला उंदीर काढायच्या. मधल्या बाया रंगीत बाटल्या बाजूला करायच्या. उरलेला सगळा पारदर्शक माल शेवटच्या स्टुलापुढून जायचा आणि मग धपकन गाठी बांधायच्या मशीनमध्ये पडायचा. म्हणजे तिच्या हातून सुटलं ते कायमचं सुटलं.

तिला सगळे तारबाई म्हणत. तिच्या एप्रनच्या खिशात बुचाची मूठ असलेली एक तांब्याची तार असे, सोबत निळ्या ज्योतीचा लायटर. बाकीच्या बाया खिशात फणी ठेवत, सुपारी ठेवत. हिच्या खिशात ही हत्यारं.

आता हिला इतकं जपून कशावर नजर ठेवायची होती, ते सांगायला हवं. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक वेगळं आणि पीव्हीसी वेगळं. दिसायला दोन्ही काचेसारखी स्वच्छ. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे हौदात ओतून वेगळी होत नाहीत. पण पाण्याच्या बाटल्या वितळवतात तिथे चुकून एखादी पीव्हीसीची बाटली गेली, की बाकीचा माल वितळायच्या आतच ती करपते. आंबट, घसा धरणारा धूर सोडते, माल पिवळा पाडते, त्यात काळे ठिपके उठवते आणि मशीनचं लोखंड आतून कुरतडते. तारबाई स्टुलावर बसायच्या आधी एकदा अख्खी गाडी कारखान्यातून परत आली होती. कारण काय, तर पोतंभर बाटल्या. एवढ्या मोठ्या ढिगात पोतंभर म्हणजे काहीच नाही, पण तेवढ्यावर गाडी परत आली आणि शेडमधल्या दोन बाया घरी बसल्या. साहेब लोक कुठेच बसले नाहीत, ते आधीपासूनच बसलेले होते.

ओळखायचं कसं, हे तिला उस्तादाने शिकवलं. उस्ताद म्हणजे तिच्या आधी त्या स्टुलावर बसणारा म्हातारा. तोंडात चार दात, उजव्या अंगठ्याला खोल भेग, आणि कोणी काही विचारलं की आधी शिवी, मग उत्तर. त्याने तिला सांगितलं, बाटली उलटी कर. बुडाला मधोमध ठिपका असेल तर पाण्याच्या बाटलीची जात. ठिपका नसेल आणि आडवी शिवण असेल, जणू कोणी ओठ मिटलेत, तर थांब. मग दुमडून बघ. दुमडलेल्या जागी पांढरी रेघ उमटली तर संशय वाढला. त्रिकोणात आकडा असेल तर तीनचा आकडा म्हणजे पीव्हीसी. पण आकडा असतोच असं नाही, असला तर वाचता येतोच असं नाही. चेपलेली, तुटलेली बाटली असेल, बूडच नसेल, तर तार.

तार तापवायची, लाल झाली की प्लॅस्टिकच्या कडेला टेकवायची, चिमूटभर चिकटलं की परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. एवढंच. उघड्यावर करायचं, वाऱ्याकडे पाठ करून, नाक लांब ठेवून, आणि चिमटीपेक्षा जास्त जाळायचं नाही, कारण तो धूर औषध नव्हे. आणि सगळ्यात आधी, तार रिकामीच ज्योतीत धरायची. मागच्या वेळचं काही चिकटून राहिलं असेल तर ते हिरवं जळून जाईपर्यंत. उस्ताद हे इतक्यांदा सांगायचा, की तारबाई त्याच्या मागे तोंड वेडावून तेच म्हणायची: आधी रिकामी तार, आधी रिकामी तार.

उस्तादाने काम सोडलं त्या दिवशी स्वतःची तार तिच्या हातात ठेवली. निरोप वगैरे दिला नाही. म्हणाला, "हरवलीस तर तंगडी तोडीन." दोन वर्षांनी तो गेला. तार राहिली.

तारबाईची शाळा चौथीपर्यंत. पण या शेडमध्ये तिने इतकं शिकून घेतलं, की एखादा पोशाखी माणूस पाहणीला आला आणि "प्लॅस्टिक म्हणजे वाईट" असं काही बोलला, की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कुठलं प्लॅस्टिक, ती विचारायची. पीव्हीसी घ्या. नळाचा पाइप त्याचाच, खिडकीची चौकट त्याचीच, वायरीची साल त्याची, जमिनीवर अंथरायचं रेक्झिन त्याचं. बाटलीच्या गळ्याला घट्ट बसलेलं सील बऱ्याचदा त्याचं. गोळ्यांच्या पाकिटातला तो पारदर्शक फुगवटा, ज्यात गोळी बसते आणि ओल लागत नाही, तोही बहुतेक त्याचाच. पाइपात ते पन्नास वर्षं निमूट पडून राहतं. भांडण आहे ते कुठे वापरता, कशाला लावता आणि मग कुठे जाळता, याचं. पोशाखी माणूस मान डोलवायचा आणि घड्याळाकडे बघायचा.

हे शहाणपणही तिला आयतं मिळालं नव्हतं. एक काळ असा होता, की ती पीव्हीसीचं नाव काढलं तरी थुंकायची. मग तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. तिची लेक त्याच दवाखान्यात औषधं वाटायच्या खिडकीवर कामाला. शुद्धीवर आल्यावर तारबाईने बघितलं, खांबाला रक्ताची पिशवी लटकलेली, मऊ, चमकदार. तिने बोटाने चाचपली आणि तिचा चेहरा बदलला. लेकीने ओळखलं. म्हणाली, "हो, तेच आहे. त्यातल्या मऊ करायच्या औषधानेच रक्त जास्त दिवस टिकतं म्हणे. काढून ठेवू का?" तारबाई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. नर्सना वाटलं, दुखतंय.

तर अशी ही बाई. शेडमध्ये तिच्या शब्दाला वजन, गल्लीतही. बायका तेलाची बाटली, मुलांचा डबा, खेळणं घेऊन तिच्या दारात यायच्या. ती उलटसुलट करून बघायची, बोटं फिरवायची, वाकवायची, आणि निकाल द्यायची. बहुतेक वेळा बोटांनीच काम व्हायचं. पण लोकांना बोटांत काय दिसणार? त्यांना ज्योत बघायची असायची. मग तीही तार काढायची. हळूहळू तिलाही ते आवडायला लागलं. लोकांसमोर रिकामी तार जाळत बसलं की मजा जायची, पोरंटोरं विचारायची, कधी होणार हिरवं. उस्तादाची तार इतकी वर्षं जळून जळून स्वच्छ झालेली. गल्लीत ती पहिली पायरी गाळू लागली. शेडमध्ये करायची, आधी दोन मोजेपर्यंत, मग एक.

गल्लीच्या तोंडाशी दूध, लोणी आणि चीजचं दुकान होतं. डेअरीवाला तिच्या नवऱ्याचा दोस्त. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तो तिला वहिनी म्हणे, तीही त्याला भाऊ म्हणे, आणि दोघं एकमेकांशी अहो-जाहो करून भांडत. भांडणाचं कारण काउंटरवरचा रोल. तो चीजचे तुकडे कापून एका पातळ, चमकदार, ताणता येणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा. तारबाईने ते पहिल्यांदा बोटात ताणलं तेव्हाच ओळखलं होतं.

दोन वर्षं तिने त्याचं डोकं खाल्लं. तो म्हणायचा, हा रोल चिकटतो, घट्ट बसतो, चीज कडेने वाळत नाही, पारदर्शक असल्यामुळे गिऱ्हाइकाला माल दिसतो. दुसऱ्या जातीचा रोल खडखडतो, सुटतो. ती म्हणायची, चिकटतो कशाने ते विचारा. पीव्हीसी मुळात पाइपासारखं टणक. त्याला असं लुसलुशीत करायला त्यात तेलासारखं औषध मुरवतात, आणि चीज म्हणजे पाव हिस्सा चरबी. औषध चरबीत उतरतं. "सुका पाव गुंडाळा, टोपली झाका, माझं काही म्हणणं नाही," ती म्हणायची. "चरबीला लावू नका, गरम वस्तूला लावू नका."

लेक मध्ये पडायची. सगळ्या रोलांत एकच औषध नसतं, काही बरी असतात, किती उतरलं तर चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या असतात, असं सांगायची. तारबाई विचारायची, मर्यादा मोजतं कोण? तू मोजतेस? डेअरीवाला मोजतो? आणि लेकीची तीन वर्षांची पोर रोज त्याच दुकानातलं चीज खायची.

शेवटी तीन महिन्यांपूर्वी डेअरीवाल्यानेच तिला हाक मारून सांगितलं, रोल बदलला. साध्या जातीचा आणला, दुधाच्या पिशवीचं असतं ना, त्या जातीचा. तारबाई आतून फुलली, पण वरून म्हणाली, उशीर केलात. तिने तपासला नाही. भाऊ म्हणतोय म्हटल्यावर कशाला.

मग एका शुक्रवारी, कामाची पाळी संपता संपता, उस्तादाची तार तुटली. झिजून केसाइतकी झाली होती, लाल झाली आणि मधोमध गळून पडली. तारबाईने ते दोन तुकडे कागदात बांधले. शेडच्या मागच्या बाजूला जुन्या वायरी सोलायचं काम ठेंगणी करायची. ठेंगणी म्हणजे तारबाईची जुनी मैत्रीण, कमरेइतकी उंच आणि दोघींएवढं तोंड. तिने म्हटलं, तांब्याच्या डोंगरावर बसलीय मी आणि तू एका तारेला रडतेस? तिने पंख्याची वायर उचलली, सुरीने साल ओढली, आतले आठदहा बारीक धागे पिळून एक जाड तार केली आणि उस्तादाच्याच बुचात खोचून दिली. नवी तार सोन्यासारखी चमकत होती. तारबाईला वाटलं, इतकी चकचकीत तार कशाला जाळायची, आणि शेडमधलं ते एक मोजणंही सुटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, संध्याकाळची गर्दी. डेअरीच्या काउंटरपुढे दहाबारा माणसं. त्यातल्या एका बाईने तारबाईला सहज म्हटलं, की हल्ली रोल परत पूर्वीसारखा चमकतोय, नाही का? बस. एवढं पुरलं. तारबाईने काउंटरवरून रोलचं टोक ओढलं. बोटात घेतलं. बोटं म्हणाली, हे ते नाही: कमी ताणलं जातंय, थोडं खडखडतंय. पण आजूबाजूला माणसं थांबली होती आणि बोटांत कोणाला काही दिसत नाही. तिने तार काढली, लायटर पेटवला, तार टेकवली, ज्योतीत धरली.

हिरवीगार ज्योत. गवतासारखी. मागच्या माणसालासुद्धा दिसली.

डेअरीवाला हसत बघत होता. त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. म्हणाला, "वहिनी, खोक्यावर लिहिलंय, वाचून बघा." तारबाईचं डोकं फिरलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तुम्हीवरून तूवर आली. "तीन महिने माझ्या तोंडावर खोटं बोललास. माझ्या नातीला चारलंस. लाज वाटत नाही तुला?"

तो म्हणाला, "नाही बोललो, वहिनी." तेवढंच म्हणाला. ती चीज न घेता निघाली, आणि तिच्या मागोमाग निम्मी गर्दी.

रविवारी कोणीतरी दुकानाच्या खांबावर कागद चिकटवला: इथल्या चीजमध्ये विष. तारबाईने विष हा शब्द काढला नव्हता. पण तिने तो कागद फाडलाही नाही. सोमवारी कोपऱ्यावरच्या शाळेने डेअरीवाल्याकडून माल घेणं थांबवलं, रोज सकाळी दोन ट्रे लोणी आणि चीज तिथे जायचं. मंगळवारी लेकीने सांगितलं, की त्याने रोल काढून टाकलाय, कागदात गुंडाळतोय, चीज वाळून पिवळं पडतंय आणि घेणारं कोणी नाही. तारबाई म्हणाली, कर्माची फळं. लेकीने तिच्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

इकडे शेडमध्ये तारबाईची नापास मालाची टोपली ओसंडून वाहत होती. तिच्या शेजारी दोन टोपल्या: एक चांगल्यात परत टाकायच्या मालाची, एक पीव्हीसीची. बूड असलेल्या बाटल्या तर नजरेनेच जायच्या. चेपलेल्या, तुटक्या, संशयाच्या तेवढ्या तारेला लागायच्या, आणि त्यातल्या दहातली एखाद-दुसरी हिरवी निघायची. सोमवारपासून दहाच्या दहा हिरव्या. ती म्हणाली, माल बिघडलाय. मंगळवारी म्हणाली, जग बिघडलंय. चोरून पीव्हीसीच्या बाटल्या काढतात मेले.

मुकादम शांत माणूस होता. बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी तो तिच्या टोपलीजवळ उकिडवा बसला, हात घालून चाळवत राहिला. मग त्याने पट्ट्यावरून पाण्याची एक अख्खी बाटली उचलली, बुडाला ठसठशीत ठिपका असलेली, आणि तिच्यापुढे धरली. तारबाईला राग आला. ठिपका दिसत असताना तार कशाला? पण तो धरूनच बसला, म्हणून तिने तार लावली. हिरवी.

त्याने बाटलीचं झाकण काढलं आणि दिलं. निळं, साधं, जगात कुठेही पीव्हीसीचं नसतं तसलं झाकण. हिरवी.

"आता झाकणंपण बिघडली का, मावशी?" मुकादम म्हणाला.

तारबाईने तार डोळ्यांजवळ आणली. पिळलेल्या धाग्यांच्या फटीत करडं काहीतरी बसलं होतं. वायरीच्या सालीचा चुरा, दाबून पिळलेला, क्षणभराच्या ज्योतीने पुरता न जळणारा. वायरीची साल कशाची असते, हे तिने पोशाखी माणसांना शंभरदा सांगितलं होतं. पंख्याच्या वायरीतून काढलेल्या तारेने ती चार दिवस पीव्हीसी शोधत होती, आणि तिला ते सगळीकडे सापडत होतं, कारण ती ते हातात घेऊनच फिरत होती.

तिने रिकामी तार ज्योतीत धरली. काहीही न लावता. हिरवी पेटली. ती धरून राहिली. हिरवी, हिरवी, अजून हिरवी. लायटर तापून बोट भाजायला लागला तेव्हा एप्रनचं टोक धरलं. कडांना हिरवट उरलं, मग तेही गेलं आणि नुसती निळी ज्योत तारेभोवती फिरत राहिली. मग तिने झाकण टेकवलं. साधी पिवळट ज्योत. बाटली टेकवली. तीच.

टोपलीचं काही नाही, टोपलीतला माल परत पट्ट्यावर टाकता येतो. मुकादमाने माणूस लावून टाकायला घेतलाही. पण तिच्या डोळ्यांपुढे डेअरीवाल्याचं ते चेहऱ्यावर राहून गेलेलं हसू होतं. दोन वर्षं ती ज्याला सांगत होती, आणि अख्ख्या गल्लीत ज्या एकट्याने तिचं ऐकलं, त्यालाच तिने चारचौघांत खोटारडा ठरवलं होतं.

ठेंगणीला कळलं तशी ती धावत आली. साल नीट निघाली नव्हती म्हणून आधी स्वतःला दोन शिव्या दिल्या. मग आवाज उतरवून म्हणाली, कोणाला कळणार आहे? तारेचं तुला आणि मला माहीत. संध्याकाळी गुपचूप जा, भाऊला बाजूला घे, सांग की चूक झाली. तो काय ओरडत सुटणार आहे? लोकांना सांग, त्याने रोल बदलला, आता ठीक आहे. त्याचंही भागलं, तुझंही राहिलं.

तारबाईने हे ऐकून घेतलं. खोटं कशाला सांगू, पाळी संपेपर्यंत ती याचाच विचार करत होती. सतरा वर्षं कमावलेली गोष्ट म्हणजे तिचा शब्द. दुसरं काय होतं तिच्याकडे? एक खोली, एक लेक, एक शब्द. उद्या गल्लीत बायका म्हणणार, तारबाईच्या ज्योतीचं काही सांगता येत नाही. तेलाच्या बाटल्या घेऊन कोणी येणार नाही. पण "रोल बदलला" म्हणायचं म्हणजे आधीचा खराब होता असंच होणार. म्हणजे तो खोटारडाच राहणार, फक्त सुधारलेला.

"बाजूला घेऊन त्याला खोटारडा म्हणाले होते का मी?" ती ठेंगणीला म्हणाली. ठेंगणीने हात झटकले आणि ती आपल्या वायरींच्या ढिगाकडे परत गेली.

ती मुद्दाम त्याच वेळेला गेली, गर्दीच्या. गर्दी नव्हती. काउंटरपुढे चारपाच माणसं, दूध न्यायला आलेली. काचेच्या कपाटात कागदात गुंडाळलेले तुकडे, कडा सुकलेल्या. डेअरीवाल्याने तिला बघितलं आणि दुधाचं माप भरत राहिला.

तिने रोल मागितला. तो म्हणाला, "आता काय राहिलंय तपासायचं?" ती म्हणाली, "द्या." ते "द्या" ऐकून त्याने मान वर केली. मग खाली वाकून रोल काढला आणि काउंटरवर ठेवला, जरा जोरातच.

तारबाईने आधी खिशातून वायरीचा एक तुकडा काढला, ठेंगणीने सोलला होता तसाच पिळलेला, शेडमधून मुद्दाम आणलेला. माणसांना जवळ बोलावलं. म्हणाली, बघा, याला मी काहीही लावलेलं नाही. रिकामी तार. पेटवली. हिरवी झाली. एक म्हातारबाबा म्हणाले, अरेच्चा. मग तिने बुचाची तार काढली, दुपारी जाळून साफ केलेली, तरी परत ज्योतीत धरली, आणि सगळ्यांनी बघावं म्हणून वीसपर्यंत मोठ्याने मोजलं. निळीच राहिली. मग रोलचं टोक. पिवळी ज्योत, मेणासारखा वास, बस.

"शनिवारी माझी तार घाण होती," ती म्हणाली. "वायरीतून काढली आणि न जाळता वापरली. रोल चांगला आहे. तीन महिने चांगलाच होता. भाऊ खरं बोलले, खोटी मी पडले."

एक बाई फिसकन हसली. म्हातारबाबांनी विचारलं, मग आमची तेलाची बाटली तुम्ही गेल्या महिन्यात नापास केली ती? तारबाई म्हणाली, ती जुन्या तारेची, आणि बुडाला शिवण होती, पण आणा परत, परत बघते. कोणीतरी मागून म्हटलं, आता हिचं काय खरं मानायचं. ते तिला ऐकू आलं. तिचे कान लाल झाले, पण ती उलटून बोलली नाही. तिला ओळखणाऱ्यांना ते ज्योतीपेक्षा मोठं नवल वाटलं. मग ती बाहेर गेली आणि खांबावरचा कागद नखांनी खरवडून काढला. नीट निघाला नाही. विषचा वि राहिला, तो तिने ओल्या फडक्याने घासला.

परत आत आली तेव्हा डेअरीवाल्याने काउंटरखालून आणखी एक रोल काढून ठेवला होता. अर्धवट, धुळकट. जुना. म्हणाला, "हाही बघा. हा तरी तो आहे, की तेही माझ्या नशिबात नाही?" बघणाऱ्यांपैकी दोघं हसले. तारबाईने बोटात धरून ताणला. तार न काढता म्हणाली, हा तोच. मग तरी तार रिकामी जाळली, टेकवली. हिरवी.

"टाकून देऊ?"

"जाळू मात्र नका," ती म्हणाली. "रिकामे डबे बांधायला वापरा. चीजला नको."

त्याने रोल परत खाली ठेवला. माफ केलं असं काही म्हणाला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. चांगल्या रोलमधून हातभर तुकडा ओढला, ताज्या चीजचा तुकडा कापला, गुंडाळला. ते प्लॅस्टिक खडखडलं, एका कडेने सुटलं. त्याने परत दाबलं, परत सुटलं. म्हणाला, "बघताय ना? याच्यासाठी मी दोन वर्षं भांडत होतो." आणि तुकडा तिच्या नातीसाठी म्हणून तिच्यापुढे सरकवला.

शाळा परत आली नाही. त्यांनी दुसरीकडे माल लावला होता, आणि तारबाई दोनदा तिथे जाऊन सांगून आली तरी त्यांचं उत्तर एकच, बघू. गल्लीतली गिऱ्हाइकं बरीचशी परतली, सगळी नाहीत. तारबाईच्या दारात येणाऱ्या बायाही तेवढ्याच, म्हणजे कमी. ज्या येतात त्या आता विचारतात, तार जाळली का आधी? पूर्वी कोणी असं विचारलं असतं तर तिने दाराबाहेर काढलं असतं.

शेडमध्ये पट्ट्यावर नवी बाई आली की तिला पहिल्या दिवशी तारबाई बाटलीचं बूड दाखवत नाही. आधी रिकामी तार हातात देते आणि जाळायला लावते. वीस मोज म्हणते. नवी बाई कंटाळते, तोंड वाकडं करते. पाठ वळली की तोंड वेडावत असणार.

महिन्यातून एकदा डेअरीत नवा रोल येतो. खोक्यावर काय लिहिलंय ते डेअरीवाला वाचून दाखवतो, आणि तरी तिला निरोप पाठवतो. संध्याकाळी ती काउंटरपाशी उभी राहते. लायटर आता तो धरतो, कारण तिची बोटं भाजून निबर झालीत आणि तिला आच कळत नाही. गिऱ्हाइकं बघत असतात. मागच्या वेळी ती दहापर्यंत मोजून तार रोलकडे नेत होती, तेव्हा त्याने लायटर हलवलाच नाही.

"थांबा, वहिनी," तो म्हणाला. "कडेला अजून जरा हिरवं आहे."

तिने वाकून बघितलं. काही नव्हतं. तरी तिने तार परत ज्योतीत धरली आणि पुढचे दहा मोजले.